गाठ टणक का लागते? बोटांपासून यंत्रापर्यंतची गोष्ट



आजच्या भागात आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास ऐकणार आहोत. हाताला लागलेली गाठ मऊ आहे की टणक, हा तो प्रश्न. तुम्ही म्हणाल, यात कसला आलाय इतिहास? पण माणसानं कॅन्सर ओळखायला सुरुवात केली ती याच प्रश्नापासून. तेव्हा एक्स-रे नव्हता, सोनोग्राफी नव्हती, सूक्ष्मदर्शकही नव्हता. वैद्याजवळ होती ती त्याची बोटं. आणि आज मोठ्या इस्पितळात सोनोग्राफीचं जे नवं यंत्र गाठीचा कडकपणा आकड्यांत सांगतं, तेही हाच जुना प्रश्न विचारतं.

दाबून पारखणं आपल्याला काही नवं नाही. डाळ शिजली की नाही, हे आपण दोन बोटांत दाणा चेपून बघतो. आढीतला आंबा न कापता कळतो. भाकरीचं पीठ घट्ट झालं की सैल, ते तळहात सांगतो. आणि ज्यांच्या दारात गाय-म्हैस आहे, त्यांना दगडी ठाऊकच आहे. धार काढायला बसलं आणि कास रोजच्यासारखी मऊ न लागता दगडासारखी लागली, की बाई लगेच ओळखते. जनावरांचा डॉक्टर नंतर येतो. त्या आजाराचं नावसुद्धा हाताला जे लागलं त्यावरून पडलं. दगडी म्हणजे कॅन्सर नव्हे, तो जंतूंमुळे होतो. पण हात लावून ओळखायची रीत तीच.

आता जाऊ या फार मागे, इजिप्त देशात. तिथं नाईल नदीच्या काठी लक्सर नावाचं गाव आहे. १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या एका अमेरिकी माणसानं तिथं एक जुनी गुंडाळी विकत घेतली. पपायरस नावाच्या पाणवनस्पतीपासून तिथले लोक कागदासारखं काही बनवायचे, त्यावर ती लिहिलेली होती. ती गुंडाळी सुमारे ३६०० वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यातला मजकूर त्याहूनही जुना असावा, असं अभ्यासक मानतात. १९३० साली जेम्स ब्रेस्टेड या विद्वानानं तिचं इंग्रजीत भाषांतर प्रसिद्ध केलं, तेव्हा जगाला कळलं की हे वैद्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. त्यात ४८ रोग्यांची वर्णनं आहेत. डोक्याच्या जखमांपासून सुरुवात करून ती खाली छातीपर्यंत येतात.

त्यातलं ४५ वं वर्णन छातीवर वाढलेल्या फुगीर गाठींचं आहे. वैद्यानं काय करायचं, तर हात ठेवून बघायचं. गाठ गरम लागते की गार? आत पाणी किंवा पू आहे का? आणि मग तो मजकूर सांगतो, की गाठ गार असेल, ताप नसेल, पाणी नसेल आणि ती कच्च्या फळासारखी टणक लागत असेल, तर ही ती वाढलेल्या गाठींची व्याधी. बऱ्याच वर्णनांच्या शेवटी त्या पुस्तकात उपचार दिलेला असतो. पू झालेल्या गाठीचं वर्णन वेगळं आहे आणि तिथं उपचारही आहे. पण या ४५ व्या वर्णनाखाली लिहिलंय, की याला उपचार नाही.

बघा मैत्रिणींनो, इतक्या वर्षांपूर्वी बोटांनी नेमका फरक ओळखला होता. गरम, पाण्यानं भरलेली गाठ वेगळी आणि गार, टणक गाठ वेगळी. ओळख पटली होती. हातात उपाय मात्र नव्हता.

पुढं ग्रीस देशातल्या वैद्यांनी या आजाराला खेकड्याचं नाव दिलं. त्यांच्या भाषेत खेकड्याला 'कार्किनोस' म्हणतात. सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या हिप्पोक्रेटिसच्या नावानं जे ग्रंथ आहेत, त्यांत हा शब्द येतो. पुढे गॅलन नावाच्या वैद्यानं कारण सांगितलं, की गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. लॅटिन भाषेत खेकड्याला 'कॅन्सर' म्हणतात आणि आपल्याकडे कर्क. म्हणून आपण कर्करोग म्हणतो. ग्रीक वैद्यांचा आणखी एक शब्द होता, 'स्किरोस'. त्याचा अर्थच टणक. स्तनातल्या टणक कॅन्सरला डॉक्टर मंडळी अगदी अलीकडेपर्यंत याच शब्दावरून आलेल्या नावानं ओळखत.

आपल्या देशातही हे ज्ञान होतं. सुश्रुतसंहिता हा शस्त्रक्रियेचा प्राचीन ग्रंथ. त्यात 'अर्बुद' या आजाराचं वर्णन आहे. आजही मराठी पुस्तकांत ट्यूमरला अर्बुद म्हणतात, तो शब्द तिथला. सुश्रुतसंहिता सांगते, की अर्बुद गोल असतं, एका जागी स्थिर असतं, फारसं दुखत नाही, त्याचं मूळ खोल असतं, ते सावकाश वाढतं आणि पिकत नाही. मांसात होणाऱ्या अर्बुदाबद्दल तर म्हटलंय, की ते दुखत नाही, दगडासारखं असतं आणि हलवलं तरी हलत नाही. आज मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला गाठ तपासायला शिकवतात, तेव्हा हेच प्रश्न असतात. दुखते का? टणक आहे का? बोटाखाली सरकते का, की चिकटून बसलीय?

इथं एक गोष्ट मनात पक्की धरा. सुश्रुतसंहितेनं सांगितलं की ही गाठ दुखत नाही किंवा फारच कमी दुखते. आपल्याला सवय अशी, की दुखलं तरच दवाखाना. दात ठणकला, पोटात कळ आली, की जायचं. जे दुखत नाही त्याच्यासाठी एक दिवसाची मजुरी कशाला बुडवायची? कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा याच सवयीच्या आड लपून वाढते.

आता एका बाईची गोष्ट सांगते. फॅनी बर्नी ही इंग्लंडमधली नावाजलेली कादंबरीकार. लग्नानंतर ती फ्रान्समध्ये पॅरिसला राहत होती. १८१० साली तिच्या स्तनात दुखू लागलं आणि गाठ लागली. तिनं बरेच दिवस टाळाटाळ केली. शेवटी ३० सप्टेंबर १८११ रोजी तिच्या घरीच शस्त्रक्रिया झाली. करणारे होते लारे, म्हणजे नेपोलियन बादशहाच्या सैन्याचे शस्त्रवैद्य. तेव्हा भूल देण्याचं औषध निघालेलं नव्हतं. तिला थोडी दारू पाजली आणि जागेपणीच स्तन काढला. पुढे तिनं आपल्या बहिणीला पत्र लिहून सगळं कळवलं, म्हणून आपल्याला ते माहीत आहे. ती नंतर आणखी २८-२९ वर्षं जगली.

ही गोष्ट सांगायचं कारण काय? तिला खरंच कॅन्सर होता का, याबद्दल आज अभ्यासकांना शंका वाटते. कारण तेव्हा खात्री करायचं दुसरं साधनच नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं, हातानं चाचपलं आणि निर्णय घेतला. बोटं शहाणी असतात, पण ती चुकतातही. नुसत्या स्पर्शावर एवढा मोठा निवाडा करायचा, हे त्या काळाचं संकट होतं.

ते संकट कमी झालं सूक्ष्मदर्शकामुळे. १८३८ साली जर्मनीत योहानेस म्युलर या शास्त्रज्ञानं दाखवलं, की या गाठी पेशींच्या बनलेल्या असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची ओळख पटू शकते. त्यानंतर हळूहळू शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाकडे गेला. गाठीतला तुकडा घ्यायचा, त्याचा पातळ काप करायचा आणि काचेखाली बघायचं. यालाच आपण बायोप्सी म्हणतो. तरीसुद्धा शस्त्रवैद्याच्या हाताला ती खूण लागतच राहिली. स्तनातली कॅन्सरची टणक गाठ कापताना सुरीला कसं लागतं, याचं वर्णन डॉक्टरांच्या पुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. कच्चं नाशपाती कापल्यासारखं, करकरीत. इजिप्तच्या गुंडाळीत कच्चं फळ होतं, इथंही कच्चं फळच आलं.

मग एक्स-रे आला. १९१३ साली बर्लिनमध्ये आल्बर्ट सालोमोन या डॉक्टरनं शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांचे एक्स-रे काढून बघितले. त्यातून पुढे मॅमोग्राफी तयार झाली. हाताला न लागणारी बारीक गाठही मॅमोग्राफीत दिसू शकते, हा तिचा मोठा फायदा. पण एक्स-रेला कडकपणा कळत नाही. त्याला दिसते ती फक्त सावली. कमी वयाच्या बायकांचा स्तन आतून दाट असतो आणि फोटोत पांढरा दिसतो. गाठही पांढरीच दिसते. मग भातात खोबऱ्याचा तुकडा शोधावा, तशी गत होते.

म्हणून काही शास्त्रज्ञांच्या मनात आलं, की हाताला जे कळतं तेच यंत्राला कळलं तर? अमेरिकेत ह्यूस्टन शहरात जोनाथन ओफिर यांनी १९९१ साली तशी पद्धत मांडली. तिचं नाव इलास्टोग्राफी. म्हणजे लवचिकपणाचं चित्र. युक्ती सोपी आहे. आधी सोनोग्राफीचं एक चित्र घ्यायचं. मग अंग किंचित दाबायचं आणि दुसरं चित्र घ्यायचं. दोन्ही चित्रं जुळवून बघायची. मऊ भाग दाबला गेलेला असतो, टणक भाग होता तसाच असतो. गोधडीत चुकून एखादा खडा राहिला आणि वरून दाबलं, तर कापूस बसतो, खडा बसत नाही. यंत्र हाच फरक रंगानं दाखवतं.

त्याच शहरातल्या थॉमस क्रूस्कॉप आणि त्यांच्या साथीदारांनी १९९८ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या भागांचा कडकपणा मोजून आकडे प्रसिद्ध केले. स्तनातली चरबी सर्वांत मऊ, दूध तयार करणारा भाग जरा घट्ट आणि आजूबाजूला पसरू लागलेला कॅन्सर चरबीच्या कितीतरी पट टणक. बोटांनी हजारो वर्षं सांगितलेली गोष्ट आकड्यांत आली.

मधल्या काळात, १९९५ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एमआरआय यंत्र वापरून हेच काम करून दाखवलं गेलं. पुढे पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक वाट काढली. कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधली आणि तिला एका टोकाला टिचकी मारली, तर लहर झटकन दुसऱ्या टोकाला जाते. दोरी ढिली असेल तर लहर रेंगाळते. शरीरातही तसंच होतं. टणक भागातून हलकी थरथर लवकर पळते, मऊ भागातून सावकाश. तिचा वेग मोजला की कडकपणा कळतो. लिव्हर, म्हणजे यकृत, किती कडक झालंय हे बघायला हीच पद्धत आज सर्रास वापरतात. त्यामुळे अनेकांना यकृतात सुई घालून तुकडा काढायची गरज पडत नाही.

आता मुख्य प्रश्न. गाठ टणक होते तरी का?

आपल्या शरीरात पेशींच्या भोवती बारीक धाग्यांचं जाळं असतं. त्यातल्या मुख्य धाग्याचं नाव कोलॅजन. जखम झाली की शरीर तिथं हे धागे भराभर विणतं, म्हणून भाजल्याच्या किंवा टाक्यांच्या जागेचा व्रण बाकीच्या कातडीपेक्षा घट्ट लागतो. जखम भरली की हे विणकाम थांबतं. कॅन्सरच्या गाठीत ते थांबत नाही. १९८६ साली हॅरल्ड ड्वोरॅक या डॉक्टरनं म्हटलं होतं, की कॅन्सरची गाठ ही कधीच न भरणाऱ्या जखमेसारखी वागते. धागे वाढत जातात, एकमेकांत गुंततात आणि तो भाग टणक होतो.

बरेच दिवस सगळ्यांना वाटायचं, की कडकपणा ही नुसती खूण आहे. पण २००५ साली अमेरिकेत व्हॅलरी वीव्हर या महिला शास्त्रज्ञाच्या गटानं वेगळंच दाखवलं. प्रयोगशाळेत स्तनाच्या साध्या पेशी कडक थरात वाढवल्या, तर त्यांची शिस्त बिघडते आणि त्या कॅन्सरच्या पेशींसारख्या वागू लागतात. म्हणजे कॅन्सरमुळे जागा कडक होते आणि कडक जागेमुळे कॅन्सरला बळ मिळतं. एकमेकांना हात देणारी ही जोडगोळी आहे. ती तोडता येईल का, यावर आजही संशोधन चालू आहे.

आणखी एक आश्चर्य ऐका. गाठ टणक असली, तरी तिच्यातली एकेक पेशी मात्र मऊ असते. २००७ साली लॉस एंजेलिसच्या शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या छातीतल्या पाण्यातून पेशी वेगळ्या केल्या आणि अतिशय बारीक टोकानं त्यांना दाबून बघितलं. पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी साध्या पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ निघाल्या. मऊ पेशी अरुंद जागेतून अंग चोरून निघू शकते. गाठ जागच्या जागी चिकटून असताना आजार दुसरीकडे कसा पोचतो, त्याचं एक उत्तर या मऊपणात असावं.

कडकपणाची खूण फक्त स्तनातच असते असं नाही. तोंडाचंही ऐका. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या ५ भारतीय बायकांच्या तोंडात एका डॉक्टरला विचित्र बदल दिसला. तोंडाचं आतलं अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासं झालं होतं. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडच्या अशा रोग्यांचं वर्णन केलं आणि आज जे नाव चालतं ते रूढ झालं, सबम्यूकस फायब्रोसिस. पुढे कळलं, की याचं मोठं कारण सुपारी. सुपारीमुळे गालाच्या आत तेच कोलॅजनचे धागे वाढतात. हा कॅन्सर नव्हे, पण अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका मोठा असतो. गुटखा आणि मावा यांत सुपारीच असते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारीची सवय घरात राहिलीच. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते बघा. जात नसतील, तिखट खाल्लं की आत आग होत असेल किंवा गालाचं अस्तर दोरीसारखं ताठ लागत असेल, तर दाखवायला हवं आणि सुपारी त्या दिवसापासून बंद.

आता पुन्हा बोटांकडे येऊ. एवढी यंत्रं आली, मग हाताचं काम संपलं का?

चीनमध्ये शांघाय शहरातल्या कापड गिरण्यांमध्ये १९८९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. २ लाख ६६ हजारांहून अधिक कामगार स्त्रिया त्यात होत्या. अर्ध्या जणींना आपली आपण स्तन तपासायला शिकवलं, अर्ध्या जणींना नाही. २००२ साली निकाल आला. शिकवलेल्या बायकांना साध्या, निरुपद्रवी गाठी जास्त सापडल्या, पण कॅन्सरनं होणारे मृत्यू दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणून आता डॉक्टर ठराविक पद्धतीनं महिन्याच्या महिन्याला तपासत बसा असा आग्रह धरत नाहीत. आपलं अंग रोजचं कसं आहे ते माहीत असू द्या आणि बदल दिसला की लगेच दाखवा, एवढं सांगतात.

मग शिकवलेल्या हातानं तपासलं तर? त्याचं उत्तर आपल्या मुंबईनं दिलं. १९९८ साली टाटा मेमोरियल इस्पितळानं मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्र त्याचे प्रमुख. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्या जणींना दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी हातानं तपासलं. मैत्रिणींनो, या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या. आपल्यासारख्याच बाया होत्या. वीस वर्षं मागोवा घेऊन २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांची तपासणी झाली नव्हती, त्यांच्यात कॅन्सर सापडला तेव्हा ४७ टक्के जणींचा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात पोचलेला होता. तपासणी झालेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. तरी महागडं यंत्र नसताना शिकलेल्या हातांनी एवढं केलं.

जर्मनीत फ्रँक हॉफमन या डॉक्टरांनी तर अंध स्त्रियांना हे काम शिकवलं. ब्रेल वाचणारी बोटं फार बारकाईनं जाणतात, तीच बोटं गाठ शोधायला का वापरू नयेत, असा त्यांचा विचार. छातीवर ब्रेलच्या खुणा असलेल्या पट्ट्या लावून त्या इंच इंच तपासतात. आपल्या देशात दिल्लीलाही अंध तरुणींना हे प्रशिक्षण मिळालं आहे.

आता थोडं आपल्यापुरतं बोलू.

टणक गाठ म्हणजे कॅन्सरच, असं नाही. तरुण मुलींच्या स्तनात रबरासारखी, बोटाखाली इकडेतिकडे पळणारी गाठ असते, ती बहुतेक वेळा साधी असते. मार लागल्यावरही गाठ टणक होऊ शकते. उलट काही कॅन्सर मऊसुद्धा लागतात. म्हणून दाबून बघून घरच्या घरी निकाल लावू नका. शेजारणीनंही लावू नये आणि सासूबाईंनीही. हाताचं काम एवढंच, की दवाखान्याची वाट दाखवायची. निकाल द्यायचं काम सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि शेवटी सुईच्या तपासणीचं. सुई लावली की कॅन्सर पसरतो असं गावोगाव बोललं जातं, ते खरं नाही. त्या भीतीनं थांबलेल्या महिन्यांत आजार वाढतो, हे मात्र खरं.

कशावर लक्ष ठेवायचं, ते सांगते. स्तनात किंवा काखेत नवी गाठ. एका जागी कातडी आत ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. निप्पल आत जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं. एका बाजूचा आकार बदलणं. यातलं काहीही दिसलं, तर दुखायची वाट बघू नका.

सरकारनं २०१६ साली ठरवलं, की ३० वर्षांपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी गावपातळीवर व्हावी. स्तनाची तपासणी दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य सेविकेनं हातानं करायची आहे. आशाताई घरी येऊन जो अर्ज भरतात, त्यात छातीत गाठ आहे का, हा प्रश्न असतो. तिथं लाजून "नाही" म्हणू नका. उपकेंद्रात जाऊन विचारा, आमची तपासणी कुठल्या वारी असते? एकटीला संकोच वाटत असेल तर पाच-सहा जणी मिळून जा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला, की हा एक विषय घ्या आणि कोणकोण तिशीच्या पुढे आहे, त्यांची यादी करा.

इजिप्तच्या त्या वैद्यानं बरोबर ओळखलं होतं आणि तरी त्याला लिहावं लागलं, की उपचार नाही. आज उपचार आहे. गाठ लहान असताना पोचलं, तर बऱ्याच जणींचा स्तनही वाचतो आणि जीवही. यादीतलं पहिलं नाव आपलंच लिहा.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.